पहिलं वर्ष एकट्याने नको: माजी सैनिकांवर उपचार करणाऱ्या नव्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी रेसिडेन्सी बंधनकारक करा

अमेरिकेत मानसोपचारातली नर्स प्रॅक्टिशनर पदव्युत्तर शिक्षण पुरं करते, प्रमाणपत्राची परीक्षा देते, परवाना मिळवते आणि कामाला लागते. त्या दिवसापासून ती रुग्णाचं निदान करते, औषध सुरू करते, बदलते, थांबवते. बऱ्याच राज्यांत यासाठी डॉक्टरशी करार असावा लागतो. माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत, म्हणजे ‘व्हीए’मध्ये, तोही अडसर नाही. १४ डिसेंबर २०१६ ला जाहीर झालेल्या आणि १३ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमाने व्हीएतल्या नर्स प्रॅक्टिशनरना राज्याचा कायदा काहीही म्हणत असला तरी स्वतंत्र कामाचा अधिकार दिला. अपवाद ठेवला तो नियंत्रित औषधांसारख्या मोजक्या गोष्टींचा.

हा नियम योग्यच होता. २०१४ साली फीनिक्सच्या रुग्णालयातल्या प्रतीक्षायाद्यांचं प्रकरण उघड झालं, तेव्हा माजी सैनिकांना भेटीची वेळ मिळायला किती काळ लागतो हे साऱ्या देशाने पाहिलं होतं. मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, ग्रामीण भागात तर जवळपास नाहीतच. अशा वेळी प्रशिक्षित परिचारिकेचे हात बांधून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. पण अधिकार देताना त्याच्या पहिल्या वर्षाची व्यवस्था करायची राहून गेली. व्हीएमध्ये मानसोपचारातल्या नव्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी बारा महिन्यांची रेसिडेन्सी आहे, चांगली आहे, पण ती निवडक रुग्णालयांत आहे, जागा थोड्या आहेत आणि ती ऐच्छिक आहे. ज्यांना जागा मिळत नाही त्या थेट पूर्ण रुग्णभार घेऊन बसतात. माझं म्हणणं असं की व्हीएने ही रेसिडेन्सी प्रत्येक नवपदवीधर मानसोपचार नर्स प्रॅक्टिशनरच्या नेमणुकीचा भाग करावी. वर्षभर देखरेखीखाली काम, आणि त्यानंतरच स्वतःची स्वतंत्र रुग्णयादी.

आधी शिक्षणाचा हिशेब पाहू. नर्स प्रॅक्टिशनरच्या पदवीसाठी देखरेखीखाली रुग्णांसोबत घालवायचे किमान तास बराच काळ ५०० होते. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी ते ७५० केले. आठवड्याला चाळीस तास धरले तर ७५० तास म्हणजे एकोणीस आठवडे, पाच महिन्यांच्याही आत. बारा महिन्यांच्या पूर्णवेळ रेसिडेन्सीचे तास होतात २,०८०. वैद्यकीय पदवीनंतर मानसोपचारतज्ज्ञ चार वर्षं रेसिडेन्सी करतो. परिचारिकेकडे त्याआधीचा खाटेशेजारचा अनुभव असतो हे खरं, आणि तो मोलाचा असतो. पण तो मानसोपचाराचाच असेल असं नाही. काही अभ्यासक्रमांत तर परिचारिका म्हणून फारसं काम न करताही थेट प्रवेश मिळतो.

शिवाय ते ७५० तास एकाच वयोगटावर खर्च होत नाहीत. या शाखेचं प्रमाणपत्र लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सगळ्यांसाठी असतं, म्हणून तासही तसेच वाटले जातात: काही बालकांच्या बाह्यरुग्ण विभागात, काही व्यसनमुक्ती केंद्रात, काही एखाद्या खासगी दवाखान्यात. ऑनलाइन अभ्यासक्रमांत अनेकदा विद्यार्थिनीला आपला मार्गदर्शक स्वतःच शोधावा लागतो, आणि जो ‘हो’ म्हणेल तो मार्गदर्शक. त्याच्याकडे कोणते रुग्ण येतात यावर तिचं शिक्षण ठरतं. एखादी विद्यार्थिनी माजी सैनिकाला एकदाही न तपासता पदवी घेऊन बाहेर पडू शकते. यात तिचा काहीच दोष नाही.

आणि समोर येणारा रुग्ण कोण असतो? व्हीएच्या आरोग्यव्यवस्थेत सुमारे नव्वद लाख माजी सैनिकांची नोंदणी आहे. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. त्यातले सगळे व्हीएकडे उपचार घेत नव्हते, पण यातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू बंदुकीने झाले ही गोष्ट दवाखान्यात बसलेल्या प्रत्येकाला रोज लक्षात ठेवावी लागते. गोळ्या घेतलेला माणूस अनेकदा वाचवता येतो. बंदुकीच्या बाबतीत दुसरी संधी क्वचितच मिळते.

एक नमुन्याचा रुग्ण घेऊ. कुणी विशिष्ट व्यक्ती नव्हे, पण व्हीएच्या कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात असा माणूस सापडेल. वय चौऱ्याहत्तर, व्हिएतनाम युद्धात होता. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, हे निदान जुनं. गेली वीस वर्षं रात्री दोन मिलिग्रॅम क्लोनाझेपाम घेतो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, रक्तदाबासाठी दोन औषधं. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आहे, यंत्र दिलंय, पण तो मुखवटा लावत नाही, कारण तोंडावर काही आलं की त्याचा जीव घुसमटतो. दुःस्वप्नं आठवड्यातून चार-पाच रात्री. बायको गेल्या वर्षी वारली. आधीचे डॉक्टर निवृत्त झाले आणि फाइल नव्या नर्स प्रॅक्टिशनरच्या यादीत आली. भेटीची वेळ तीस मिनिटं.

पुस्तक तिला काय सांगतं? व्हीए आणि संरक्षण खात्याच्या २०२३ च्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांत पीटीएसडीसाठी बेन्झोडायझेपाइन गटाची औषधं (क्लोनाझेपाम त्यातलंच) देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलंय. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन सुचवलंय. म्हणजे क्लोनाझेपाम थांबवा, प्राझोसिन सुरू करा. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, आणि दोन्ही चुकीच्या वेगाने केल्या तर हा माणूस आठवड्याभरात तातडीच्या विभागात असेल.

वीस वर्षं घेतलेलं क्लोनाझेपाम झटक्यात बंद केलं तर आकडी येऊ शकते. मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्क्यांनी उतरवायची, दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कधीच नाही. आता प्रत्यक्षात बसून हिशेब करा. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीचे दोन तुकडे केले की पाव मिलिग्रॅम. दोन मिलिग्रॅममधून तेवढं काढलं तर पहिलीच घट साडेबारा टक्क्यांची होते. काहींना ती झेपते, चौऱ्याहत्तराव्या वर्षी अनेकांना झेपत नाही. तोंडात विरघळणारी ०.१२५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती वापरली तर पहिली पायरी सव्वासहा टक्क्यांवर येते. ही गोष्ट अनुभवी मार्गदर्शक अर्ध्या मिनिटात सांगते. ती सांगणारं कुणी नसेल तर नवी प्रिस्क्रायबर एकतर फार वेगाने उतरवते, नाहीतर रुग्ण चिडला की घाबरून पुन्हा दोन मिलिग्रॅमवर नेऊन ठेवते. दुसरी चूक जास्त वेळा घडते, आणि त्यानंतर तो माणूस पुढची अनेक वर्षं कुणालाच मात्रा कमी करू देत नाही.

प्राझोसिनचंही तसंच. ते मुळात रक्तदाबाचं औषध. सुरुवात रात्री एक मिलिग्रॅमने. पहिल्या मात्रेनंतर उभं राहताना रक्तदाब एकदम कोसळू शकतो. टॅम्सुलोसिनही त्याच गटातलं, त्यात रक्तदाबाची दोन औषधं आधीच चालू. रात्री लघवीसाठी उठलेला वृद्ध अंधारात पडतो आणि कंबरेचं हाड मोडतं. म्हणून बसून आणि उभं राहून रक्तदाब मोजायचा, पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मगच उठा असं सांगायचं, आणि काही दिवस औषध चुकलं तर पुन्हा एक मिलिग्रॅमपासूनच सुरू करायचं हे रुग्णाच्या हातात लिहून द्यायचं. लैंगिक दुर्बलतेचं औषध घेता का, हेही विचारावं लागतं, कारण त्यानेही रक्तदाब आणखी उतरतो. वयाने वडिलांसारख्या माणसाला हे विचारताना नवी मुलगी संकोचते. मार्गदर्शकाने ते चार वेळा सहजपणे विचारलेलं तिने ऐकलं असेल तर पाचव्यांदा ती स्वतः विचारते.

आणि या सगळ्यात दुःस्वप्नांचं मूळ कदाचित उपचार न झालेल्या श्वासविकारातही असतं. मुखवट्याची सवय हळूहळू लावली, आधी दिवसा दहा मिनिटं टीव्ही पाहताना, तर रात्रीची झोप सुधारते आणि औषधाची गरजच कमी होते. औषध वाढवण्याआधी हे शोधायचं असतं, आणि ते शोधायला तीस मिनिटं पुरत नाहीत.

आता बंदुकीचा प्रश्न. बायको गेलेली, माणूस एकटा, झोप नाही. घरात बंदूक आहे का, असं नुसतं विचारलं की तो ‘नाही’ म्हणतो. आपली शस्त्रं सरकार काढून घेईल ही भीती खरी आहे आणि ती माजी सैनिकांमध्ये खोल रुजलेली आहे. अनुभवी व्यक्ती प्रश्न वेगळा मांडते: अनेक माजी सैनिकांकडे शस्त्रं असतात, तुम्ही ती कशी ठेवता? भरलेली की रिकामी? कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे? वाईट रात्री तुमच्या आणि बंदुकीच्या मध्ये थोडा वेळ यावा म्हणून काय करता येईल? व्हीए बंदुकीला लावायचं केबलचं कुलूप मोफत देतं. ते टेबलाच्या खणात असावं, बोलणं चाललेलं असतानाच हातात द्यावं. सुरक्षा आराखड्याच्या सहा पायऱ्या आहेत: धोक्याच्या खुणा, स्वतःच्या स्वतः करायच्या गोष्टी, मन रमवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत, आणि घरातली साधनं दूर ठेवणं. फॉर्म दहा मिनिटांत भरता येतो. ‘मन रमवणारी जागा’ या रकान्यात ‘टीव्ही’ असं लिहिलेला आराखडा कुणाच्याही कामाचा नसतो, पण संगणकावर तो ‘पूर्ण’ दिसतो. चांगला आराखडा आणि भरलेला फॉर्म यांतला फरक कळायला शेजारी बसलेलं माणूस लागतं.

एका रुग्णाबद्दल इतकं लिहिलं, कारण माझा मुद्दा याच बारकाव्यांत आहे. ज्ञान नव्या पदवीधराकडे असतं. ते कुठल्या क्रमाने, किती वेगाने आणि कुठल्या आवाजात वापरायचं हे देखरेखीखालच्या कामातूनच येतं.

त्यावर व्हीएची स्वतःची यंत्रणा शिकायची असते, आणि ती बाहेर कुठेच शिकवली जात नाही. आत्महत्येच्या जोखमीची तपासणी टप्प्याटप्प्याने होते: आधी छोटी प्रश्नावली, उत्तर होकारार्थी आलं तर सविस्तर मूल्यमापन, आणि ते पुढच्या भेटीवर ढकलायचं नाही. अतिजोखमीची खूण फाइलवर लागली की पहिल्या तीस दिवसांत किमान चार भेटी व्हायला हव्यात आणि दर नव्वद दिवसांनी त्या खुणेचा फेरविचार. २०१७ पासून ‘रीच व्हेट’ नावाची संगणकीय पद्धत प्रत्येक रुग्णालयातल्या सर्वाधिक जोखमीच्या ०.१ टक्का रुग्णांची नावं काढून देते, आणि त्या रुग्णाशी संपर्क साधायचं काम बहुतेक वेळा त्याच नर्स प्रॅक्टिशनरकडे येतं. संगणकाने तुमचं नाव काढलं असं सांगितलं तर माणूस बिथरतो. संगणकाचा उल्लेख न करता, पण खोटंही न बोलता हा फोन करायला सराव लागतो. १७ जानेवारी २०२३ पासून आत्महत्येच्या तीव्र संकटात असलेल्या माजी सैनिकाला कुठल्याही रुग्णालयात तातडीचे उपचार मोफत मिळतात, तीस दिवसांपर्यंत दाखल राहून आणि नव्वद दिवसांपर्यंत बाह्यरुग्ण म्हणून. हे जिला ठाऊक नाही ती रुग्णाला शंभर मैलांवरच्या व्हीएच्या रुग्णालयात पाठवेल.

अपंगत्वाच्या टक्केवारीचा प्रश्न आणखी नाजूक. मानसिक आजारासाठी व्हीएची भरपाई ०, १०, ३०, ५०, ७० आणि १०० टक्के अशा पायऱ्यांनी ठरते. उपचार करणारी व्यक्ती आणि भरपाईसाठी तपासणी करणारी व्यक्ती वेगळी असावी हे तत्त्व. पण रुग्ण समोर बसून म्हणतो, माझ्या फाइलमध्ये एवढं लिहा. नवखी व्यक्ती एकतर हवं ते लिहून मोकळी होते किंवा रुग्ण पैशासाठीच आलाय असं मनात धरून त्याच्या खऱ्या लक्षणांकडेही संशयाने बघते. दोन्हींनी उपचार बिघडतात. पीटीएसडीच्या वीस प्रश्नांच्या पत्रिकेत ० ते ८० गुण असतात. ते दर काही आठवड्यांनी नोंदवून, कामावर आणि घरात काय जमतं आणि काय जमत नाही हे रुग्णाच्याच शब्दांत लिहिणं, हा यातला प्रामाणिक मार्ग. तो दाखवावा लागतो.

मग रेसिडेन्सीचं वर्ष कसं असावं? आठवड्याचे चार दिवस रुग्ण, एक दिवस शिक्षण आणि चर्चा, ही ढोबळ विभागणी टिकण्यासारखी आहे. पहिला महिना शेजारी बसून पाहण्याचा. दुसऱ्या महिन्यापासून आठवड्याला दोन नवे रुग्ण, प्रत्येकी नव्वद मिनिटं, आणि त्यातली शेवटची पंधरा मिनिटं मार्गदर्शक खोलीत येऊन रुग्णासमोरच निर्णय ऐकेल अशी राखलेली. सहाव्या महिन्यापर्यंत नवा रुग्ण साठ मिनिटांवर आणि फेरभेट तीस मिनिटांवर यावी, त्याआधी नाही. वर्षअखेरीस नियमित रुग्णभाराच्या साधारण सत्तर-ऐंशी टक्के. फिरती कुठे कुठे? सामान्य मानसोपचार गट, प्राथमिक उपचार विभागातला मानसोपचार कक्ष, व्यसनोपचार, पीटीएसडीचा खास गट, आणि किमान काही आठवडे आंतररुग्ण विभाग. व्यसनोपचार टाळून चालणारच नाही. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरचं औषध लिहिण्यासाठी लागणारी वेगळी परवानगी डिसेंबर २०२२ च्या कायद्याने रद्द झाली, पण परवानगीची अट गेल्याने हिंमत येत नाही. पहिली पाच रुग्णं कुणासोबत तरी सुरू केली की ती येते.

एक गोष्ट मी आग्रहाने मांडतो: प्रत्येक रेसिडेंटने वर्षात किमान एका रुग्णासोबत आघातकेंद्रित मानसोपचाराचा पूर्ण क्रम पुरा करावा. उदाहरणार्थ कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीच्या बारा बैठका. २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं पीटीएसडीत औषधांपेक्षा या उपचारांना आधी स्थान देतात. तरी नर्स प्रॅक्टिशनरचा सगळा दिवस तीस-तीस मिनिटांच्या औषधभेटींत वाटला जातो. ज्या व्यक्तीने आठव्या बैठकीत रुग्णाला वळण घेताना पाहिलेलं नाही ती दुसऱ्या रुग्णाला या उपचाराकडे मनापासून पाठवू शकत नाही. ती चौथं औषध लिहिते.

कार्यक्रम कागदावर चांगला असूनही फसतो, तो बहुतेक वेळा तीन जागी. पहिली जागा मार्गदर्शकाचा वेळ. व्हीएमध्ये प्रत्येक चिकित्सकाचं काम उत्पादकतेच्या एककांत मोजलं जातं. मार्गदर्शकाची रुग्णयादी पूर्वीइतकीच ठेवून वर रेसिडेंट सोपवली की देखरेख जेवणाच्या सुट्टीत आणि दोन दारांच्या मधल्या बोळात होते. आठवड्याला एक तास बंद दाराआडची चर्चा आणि दिवसभर हाक मारली की येणारी व्यक्ती, यासाठी मार्गदर्शकाचा किमान पाचवा हिस्सा वेळ वेळापत्रकातूनच काढून ठेवायला हवा. नुसत्या आदेशाने हे होत नाही. भेटींच्या तक्त्यात ते चौकोन अडवून ठेवावे लागतात.

दुसरी जागा रिकाम्या पदांची. एखादा मानसोपचारतज्ज्ञ नोकरी सोडतो आणि त्याचे तीनशे-चारशे रुग्ण रेसिडेंटच्या नावावर टाकले जातात. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या विभागाला हा मोह आवरत नाही. तसं झालं की ती शिकणारी उरत नाही, स्वस्तात मिळालेली कर्मचारी होते. रेसिडेंटला वारशाने यादी द्यायची नाही, रुग्ण एकेक करून निवडून द्यायचे, हा लेखी नियम हवा आणि तो मोडला तर प्रशिक्षणाचा निधी थांबेल अशी तरतूद हवी.

तिसरी जागा संगणक. व्हीएच्या नोंदप्रणालीत रोज सूचनांचा ढीग साचतो: प्रयोगशाळेचे निकाल, फार्मसीचे प्रश्न, रुग्णांचे निरोप. बहुतेक सूचना बिनमहत्त्वाच्या असतात, म्हणून त्या न वाचता बंद करण्याची सवय लागते. मग एक दिवस अशी सूचना येते की लिथियमवर (मनःस्थितीचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर) असलेल्या रुग्णाला प्राथमिक उपचार विभागाने रक्तदाबासाठी थायाझाइड सुरू केलंय. थायाझाइडने लिथियमची पातळी चढते. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त तपासून ती ०.६ ते १.० च्या दरम्यान राखायची असते. ही एक सूचना निसटली तर रुग्ण थरथरत, तोल जाऊन पडत दाखल होतो. रोज सकाळी वीस मिनिटं मार्गदर्शकासोबत हा ढीग उपसणं हे पहिल्या तीन महिन्यांतलं सगळ्यात उपयोगी शिक्षण आहे, आणि मी पाहिलेल्या बहुतेक अभ्यासक्रमांच्या तक्त्यांत त्याला स्वतंत्र वेळ नसतो.

आता आक्षेपांकडे. नर्स प्रॅक्टिशनरांच्या संघटना सक्तीच्या रेसिडेन्सीला विरोध करतात, आणि त्यामागचं कारण समजून घेण्याजोगं आहे. स्वतंत्र कामाचा अधिकार त्यांनी राज्याराज्यांत लढून मिळवलाय. सक्ती मान्य केली तर पदवी अपुरी आहे असं कबूल केल्यासारखं होईल, आणि विरोधक त्याचा वापर अधिकार काढून घेण्यासाठी करतील. ही भीती पोकळ नाही. म्हणूनच ही अट परवान्याला जोडू नये. परवाना, प्रमाणपत्र, कायद्याने मिळालेला अधिकार, सगळं जसंच्या तसं राहावं. अट घालावी ती नोकरी देणाऱ्याने, आपल्या रुग्णांच्या गरजेनुसार. आणि देखरेख प्राधान्याने अनुभवी नर्स प्रॅक्टिशनरकडे असावी. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल फार्मासिस्ट, मानसशास्त्रज्ञ सोबतीला हवेतच, पण या व्यवसायाने आपली पुढची पिढी स्वतः घडवावी. २००७ साली कनेटिकटमधल्या कम्युनिटी हेल्थ सेंटरने देशातली पहिली नर्स प्रॅक्टिशनर रेसिडेन्सी सुरू केली ती परिचारिकांच्याच पुढाकाराने, बारा महिन्यांची, आणि गरीब वस्त्यांतल्या गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी नवे पदवीधर टिकावेत म्हणून. तिथे कुणाचा अधिकार कमी झाला नाही.

दुसरा आक्षेप असा की पाण्यात पडलं की पोहता येतं. हजारो जणी रेसिडेन्सीविना उत्तम काम करतायत. करतायत, हे मान्य. पण त्या शिकल्या त्या कुणाच्या जिवावर, आणि ज्या सहा-आठ महिन्यांत नोकरी सोडून गेल्या त्यांची गणती कुठे होते? सोडून गेलेल्या प्रत्येकीमागे शेकडो रुग्ण पुन्हा नव्या माणसाला आपली गोष्ट पहिल्यापासून सांगतात. पीटीएसडी असलेल्या माणसाला ते सांगणं हाच एक आघात असतो, आणि तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की अनेक जण यायचेच बंद होतात.

भारतात या बाबतीत एक वेगळा निर्णय झालेला आहे, तो इथे नोंदवण्यासारखा आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा जो दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, त्याची रचनाच रेसिडेन्सीची आहे; बहुतांश भार रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामावर. आपल्याकडे परिचारिकेला मिळणारे अधिकार अमेरिकेच्या मानाने फारच तोकडे आहेत आणि मानसोपचारात अशी वाट अजून तयार झालेली नाही. पण शिक्षण आणि देखरेखीखालचं काम वेगळं पाडायचं नाही, हा त्या अभ्यासक्रमामागचा विचार योग्य आहे. अमेरिकेत अधिकार आधी आला, ही जोड मागे राहिली.

ग्रामीण दवाखान्यांचं काय, हा मला सगळ्यात वजनदार वाटणारा आक्षेप. मोंटाना किंवा वायोमिंगमधल्या छोट्या केंद्रात मार्गदर्शक व्हायला दुसरी नर्स प्रॅक्टिशनरच नसते. सक्ती केली तर ती जागा वर्षभर रिकामी राहील का? राहू नये. २०१८ पासून व्हीएचे चिकित्सक एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या रुग्णाला व्हिडिओवर तपासू शकतात. मग मार्गदर्शकही व्हिडिओवर का नको? पहिले तीन-चार महिने मोठ्या रुग्णालयात, कारण आंतररुग्ण विभाग आणि तातडीचा विभाग पडद्यावर शिकता येत नाही. पुढचे आठ महिने स्वतःच्या केंद्रात, मार्गदर्शक पडद्यावर पण त्याच वेळापत्रकाने, त्याच राखलेल्या तासांत. पहिल्या टप्प्यात घर भाड्याने घ्यायचा खर्च व्हीएने द्यावा. मुलंबाळं असलेल्या चाळिशीतल्या परिचारिकेला याशिवाय हे जमणार नाही, आणि ग्रामीण केंद्रात टिकतात त्या नेमक्या याच बायका, कारण त्या तिथल्याच असतात.

पगाराचा प्रश्नही टाळण्यासारखा नाही. रेसिडेंटला मिळणारं विद्यावेतन नव्या नर्स प्रॅक्टिशनरच्या पगारापेक्षा बरंच कमी असतं. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेली पदवीधर साहजिकच बाहेरची नोकरी धरते. रेसिडेन्सी बंधनकारक करायची आणि वेतन अर्धवट ठेवायचं, हा अन्याय होईल आणि योजना पहिल्याच वर्षी कोसळेल. तिला पहिल्या दिवसापासून कर्मचारी म्हणून नेमावं, नव्या नर्स प्रॅक्टिशनरच्या श्रेणीचा पगार द्यावा, निवृत्तिवेतनासाठी ते वर्ष धरावं आणि बदल्यात रेसिडेन्सीनंतर दोन वर्षं व्हीएमध्ये राहण्याचा करार करून घ्यावा.

असं झालं तर वर्षअखेरचा घोळही सुटतो. आज रेसिडेन्सी संपते आणि पद मंजूर नसतं, किंवा पद असतं पण कागदपत्रांच्या पडताळणीत महिने जातात. तोवर बाहेरचा दवाखाना तिला घेऊन जातो, आणि वर्षभर तिच्याशी बोलू लागलेले रुग्ण पुन्हा कुणा तिसऱ्याच्या यादीत जातात. कायम नेमणूक आधीच झालेली असेल तर बाराव्या महिन्यानंतरच्या सोमवारी ती त्याच खोलीत, त्याच रुग्णांसाठी बसेल. ज्या केंद्रांना हे लगेच जमणार नाही त्यांनी निदान सहाव्या महिन्यात पद जाहीर करावं, नवव्या महिन्यापासून प्रत्येक रुग्णाला पुढे काय होणार हे सांगायला सुरुवात करावी, आणि अतिजोखमीची खूण असलेल्या रुग्णाच्या बाबतीत जुनी आणि नवी अशा दोघींनी मिळून किमान एक भेट घ्यावी.